जुना गॅस गीझर सुरक्षित आहे का? गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेल्या, मिनिटाला ५-६ लिटर पाणी तापवणाऱ्या एलपीजी गीझरबद्दल आहे. बसवून पाच वर्षांवर झालेला गीझर, किंवा फ्लॅटसोबत आयता मिळालेला आणि वय माहीत नसलेला गीझर समोर ठेवून हे लिहिलं आहे. विजेचा किंवा सौर हीटर हा वेगळा विषय.

गीझर व्यवस्थित चालतो, गॅसचा वासही येत नाही. मग तपासायचं काय?

वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. एलपीजीला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. गॅस जळला की तो वासही जळून जातो. न्हाणीघरात माणूस कोसळतो तो बहुतेक वेळा गळतीमुळे नव्हे, तर अर्धवट जळलेल्या गॅसमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुरही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवतं, त्यामुळे थोडासा वायूसुद्धा पुरतो. वास नाही म्हणजे गॅसच्या नळीचे सांधे कदाचित ठीक आहेत, एवढंच.

यंत्र चांगल्या कंपनीचं आहे, आयएसआय मार्कही आहे. तरी धोका?

हो, कारण दोष बहुधा यंत्रात नसतो, खोलीत असतो. हिशेबच करून पाहा. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्वाळेवर तासाला साधारण ०.९ किलो एलपीजी खातो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत जवळपास २ घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपला. ५ फूट बाय ७ फूट, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा असते ८ घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांच्या आंघोळीत खोलीतल्या पाव हिस्सा हवेतला ऑक्सिजन गीझरने घेतला, आणि त्या जागी जळलेला वायू आणि वाफ भरली. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वाळा अर्धवट जळते, आणि कार्बन मोनॉक्साइड तिथूनच सुरू होतो. नवाकोरा गीझरही याला अपवाद नाही. जुन्याचं एवढंच, की बर्नर गंजलेला आणि तांब्याच्या पट्ट्या काजळीने भरलेल्या असल्याने तो हे काम लवकर सुरू करतो.

म्हणून आमचा आग्रह असा, की गीझर उघडण्याआधी न्हाणीघर तपासा. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार खोलीतली हवा वापरणारं गॅसचं उपकरण न्हाणीघरात बसवताच येत नाही. आपल्याकडे ते सर्रास बसतं, तेही नेमकं शॉवरच्या बाजूला.

पूर्वी घरोघरी न्हाणीत भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखाली, लाकडं जळायची. तेव्हा कुणाला काही होत नसे, ते कसं?

कारण ती न्हाणी बंदिस्त नव्हती. घराच्या मागच्या अंगाला, वर मंगळुरी नळे (कौलं), नळ्यांच्या फटींतून धूर निघून जायचा, दाराखालून वारा यायचा. शिवाय धूर डोळ्यांत जायचा, त्यामुळे माणूस आपसूक बाहेर पडायचा. आता त्याच जागी स्लॅब आला, छताला पीव्हीसीची फॉल्स सीलिंग लागली, दाराला खाली रबराची पट्टी बसली. जुन्या घराची डागडुजी करताना न्हाणीघराचं छप्पर बदललं असेल आणि गीझर मात्र तोच राहिला असेल, तर तो नव्याने तपासा. वीस वर्षं काही झालं नाही, ती वीस वर्षं नळ्यांच्या फटींची होती.

स्वतः घरी काय काय तपासता येईल?

बरंच. पेचकस न लावता अर्ध्या तासात जे पाहता येतं, ते या क्रमाने पाहा. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून.

आधी गीझर बंद असतानाच वरच्या जाळीत टॉर्च मारा. आत तांब्याच्या पातळ पट्ट्या ओळीने दिसतात. दोन पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला हवा. काळं मखमली कापड टाकल्यासारखं दिसत असेल तर ती काजळी, आणि ती बसली म्हणजे गीझर कित्येक दिवस अर्धवट जळतो आहे. वरच्या भिंतीवर किंवा छतावर काळपट डाग, पत्र्याचा रंग करपून तपकिरी झालेला, हीसुद्धा तीच साक्ष.

मग पाणी सोडा आणि गीझरच्या पुढच्या छोट्या खिडकीतून ज्वाळा पाहा. निळी, तोकडी, टोकांना ठळक, आणि बर्नरवर चिकटून बसलेली हवी. पिवळी लांब टोकं लवलवत वर चढत असतील, किंवा ज्वाळा बर्नरपासून सुटून वर तरंगत असेल, तर गीझर बंद करा आणि पुढच्या चाचण्या सोडून द्या.

ज्वाळा ठीक असेल तर नळ एकदम बंद करा. एक-दोन सेकंदांत ज्वाळा विझली पाहिजे. पुन्हा पेटवा, आणि आता खालच्या डबीतला एक सेल काढा. तेव्हाही ज्वाळा ताबडतोब विझली पाहिजे, कारण गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्या सेलच्या जोरावरच उघडा राहतो. सेल काढूनही ज्वाळा चालू राहिली तर तो व्हॉल्व्ह अडकला आहे. असा गीझर एक दिवसही वापरू नये.

शेवटी साबणाच्या पाण्याची चाचणी. एक भाग भांडी घासायचं लिक्विड आणि चार भाग पाणी, फेस जास्त न करता. गीझर विझलेला, पण सिलिंडर आणि गीझरचा कॉक दोन्ही उघडे. जुन्या टूथब्रशने सांध्यांवर लावा: रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो तिथे, नळीची दोन्ही टोकं, भिंतीवरचा कॉक, गीझरच्या तळाचा पितळी नट. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा. मोठी गळती लगेच फुगे काढते. छोटी गळती मात्र मोहरीएवढा एकच बुडबुडा हळूहळू वाढवते, आणि लोक तोवर पुढे गेलेले असतात. काडी पेटवून गळती शोधणारे अजून भेटतात. त्यांना हात जोडावेत आणि सिलिंडर बंद करावा.

ज्वाळा निळी आहे पण मधेच नारिंगी ठिणग्या उडतात. हे वाईट का?

किनाऱ्याजवळ हे खूप दिसतं. कांदोळी, करंजाळे, बाणावली अशा ठिकाणी हवेत मिठाचा अंश असतो, आणि मिठातलं सोडियम ज्वाळेत नारिंगी चमकतं. क्षणभर चमकून गेलेली नारिंगी ठिणगी म्हणजे मीठ किंवा धूळ. एकाच जागी टिकून राहिलेलं पिवळं टोक म्हणजे हवेची कमतरता. फरक ओळखायला अर्धा मिनिट टक लावून पाहावं लागतं. पण खारी हवा निरुपद्रवी आहे असं समजू नका. तीच बर्नरची छिद्रं गंजवते, सांध्यांवर हिरवट थर आणते, आणि भिंतीला टेकलेला मागचा पत्रा तुमच्या नकळत खाते.

पेटताना ‘भप्प’ असा आवाज होतो. सवयीचा झाला आहे.

सवय होऊ देऊ नका. गॅस आला पण ठिणगी उशिरा पडली, तेवढ्या वेळात साचलेला गॅस एकदम पेटतो, म्हणून तो आवाज. कारणं बहुधा तीन असतात. सेल उतरलेले असतात. किंवा ठिणगीची तार वाकून बर्नरपासून लांब गेलेली असते वा तिच्यावर गंज चढलेला असतो. किंवा बर्नरची काही छिद्रं गंजाने वा कोळ्याच्या जाळ्याने बुजलेली असतात. सुरुवात सेलपासून करा. दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. चार्जिंगचे सेल घालू नका, ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात आणि दोन मिळून ३ व्होल्ट होत नाहीत. डबीतल्या पत्र्यांवर दमट हवेने पांढरा-हिरवा थर येतो, तो सँडपेपरने घासा. नवे सेल घालूनही आवाज राहिला, तर पुढचं काम मेकॅनिकचं.

नळ बंद केला तरी ज्वाळा काही सेकंद चालूच राहते.

हा सगळ्या प्रश्नांत आम्हाला सर्वांत जास्त खटकणारा. पाण्याच्या व्हॉल्व्हमध्ये एक रबरी पडदा असतो, डायफ्राम. पाणी वाहू लागलं की तो फुगतो, एक पितळी पिन पुढे ढकलतो, पिनेने स्विच दबतो आणि गॅस सुटतो. पाणी थांबलं की स्प्रिंग सगळं मागे आणते. रबर कडक झालं, किंवा पिनेवर क्षार आणि लोखंडाचा गाळ बसला, की पिन पुढेच अडकते. मग आत थांबलेलं दोन पेले पाणी पूर्ण ज्वाळेवर उकळतं, आणि पुढच्या माणसाने नळ उघडला की वाफेसकट उकळतं पाणी अंगावर येतं. विहिरीचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे अधिक होतं. जांभ्या जमिनीतल्या विहिरींच्या पाण्यात लोह असलं की त्याचा तांबूस गाळ नेमका तिथे साचतो. डायफ्राम हा फार महाग भाग नाही. तो बदलेपर्यंत गॅसचा कॉक बंद ठेवा.

वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, गीझर पेटतच नाही. प्लंबर म्हणतो पिन जरा पुढे करून देतो.

करू देऊ नका. बहुतेक गीझरच्या पाटीवर पाण्याचा किमान दाब ०.०२५ मेगापास्कल लिहिलेला असतो, म्हणजे टाकीची पातळी गीझरपेक्षा सुमारे अडीच मीटर वर हवी. शेवटच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असते, तेवढी उंची मिळत नाही. पिन पुढे करून ठेवली की कमी पाण्यातही गॅस सुटेल खरा, पण पाणी थांबल्यावरही सुटत राहील. आधी गीझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून धुवा, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊन गेलं की ती भरते. शॉवरचं तोंडही साफ करा. तरीही जमलं नाही तर छोटा प्रेशर पंप, नाही तर सरळ विजेचा गीझर.

नळी आणि रेग्युलेटर कधी बदलायचे?

नळी तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा होजच हवी, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. पुसली गेली असेल तर तेवढ्यावरूनच बदला. नळी हाताने वाकवून पाहा, वळणावर बारीक भेगा दिसल्या तर पाच वर्षांची वाट पाहू नका. मागच्या बाजूला सिलिंडर असेल तर उंदरांनी कुरतडलेली जागा शोधा, ती बहुधा खालून, जमिनीला टेकलेल्या बाजूला असते.

भिंतीतून नळी आरपार नेणं हा गोव्यात नेहमी दिसणारा प्रकार. सिलिंडर बाहेर पडवीत, गीझर आत, आणि मधल्या भोकातून रबरी नळी. आतली फूटभर नळी कुणालाच दिसत नाही, आणि सिमेंटची कडा तिला रोज घासते. भिंतीतून न्यायचं तर तांब्याची किंवा लोखंडी पाइप, तीही बाहेरून मोठं आवरण घालून.

सिलिंडर बदलताना आणखी एक पाहा. वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर ‘बी २७’ सारखी खूण इंग्रजी अक्षरात असते. पहिलं अक्षर तिमाहीचं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करा. व्हॉल्व्हच्या आतली रबरी रिंग फाटलेली असणं ही गळतीची अगदी नेहमीची जागा, तेव्हा डिलिव्हरीवाल्याला समोरच तपासून द्यायला सांगा.

स्वयंपाकघरातल्याच सिलिंडरवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून गीझर चालतो. हरकत आहे?

आहे. रबरी नळीत मधे टी घालायला परवानगी नाही. एकाच घरगुती रेग्युलेटरवर शेगडी आणि गीझर एकदम चालले की दोन्हीकडे गॅसचा दाब कमी होतो. गीझरची ज्वाळा खाली येते आणि कधी विझते. शेगडी लावलेली असताना गीझर पेटवून बघा, ज्वाळा लगेच दबेल.

खिडकी आहे आणि एक्झॉस्ट फॅनही आहे. पुरे नाही का?

खिडकी उघडी असते का, हा खरा प्रश्न. काचेच्या लूव्हरला पावसाळ्यात आतून प्लास्टिक लावलं जातं, डासांसाठी बारीक जाळी लागते, शेजारची गॅलरी समोर असेल तर काचा कायमच्या बंद. आणि एक्झॉस्ट फॅनने बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा आत यायला वाट नसेल, तर फॅन गीझरच्याच डोक्यावरून खाली हवा ओढतो, म्हणजे वर निघालेला जळलेला वायू परत तुमच्या नाकाशी.

गीझर हलवेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून दाराच्या खालच्या भागात साधारण ६ इंच बाय ६ इंचांचं कायम उघडं जाळीदार भोक, आणि समोरच्या भिंतीत छताजवळ तेवढंच दुसरं. दोन्ही लागतात. आणि दोन्ही केली तरी पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

तोपर्यंत आंघोळ कशी करायची?

बादली भरा, गीझर बंद करा, मग आत जाऊन दार लावा. गोव्यात हे फार सोपं आहे, कारण आपलं नळाचं पाणी मुळात २६-२७ अंशांचं. मिनिटाला पाच लिटर पाणी गीझरमधून साधारण ५५ अंशांनी निघतं. २० लिटरच्या बादलीत ते नऊ लिटर घेऊन बाकी गार पाणी ओतलं की चाळीस अंशांचं, म्हणजे आंघोळीला हवं तसं पाणी तयार. गीझर चालला फक्त दोन मिनिटं. जाता जाता, एका बादलीला जेमतेम ३० ग्रॅम गॅस लागला, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साडेचारशे बादल्या.

चवथीला (गणेश चतुर्थीला), दिवाळीला घर भरलेलं असतं. एकामागून एक आंघोळी होतात.

वर्षातला सर्वांत वाईट दिवस तोच. चवथ भर पावसात, खिडक्या बंद. नरक चतुर्दशीला पोरं नरकासुर जाळून पहाटे परततात, रात्रभर जागलेली, आणि सगळ्यांना उजाडायच्या आत अभ्यंगस्नान हवं. पहिल्याच्या आंघोळीत साचलेला वायू दुसऱ्याच्या वेळी खोलीत असतोच, चौथ्या-पाचव्यापर्यंत तो चढत जातो. त्यामुळे शेवटी आंघोळीला जाणारी घरातली बाई सर्वांत जास्त धोक्यात असते. दोन आंघोळींच्या मधे दार-खिडकी पूर्ण उघडी ठेवून दहा मिनिटं जाऊ द्या, आणि आत असणाऱ्याला आतून कडी लावू देऊ नका. बाहेरून नाण्याने उघडणारं कुलूप स्वस्तात मिळतं.

गीझर बाहेर हलवायचा तर कुठे?

युटिलिटी, मागची पडवी, उघडी बाल्कनी. गरम पाण्याची पाइप आत आणायची, ती गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसीचीच. साधी पांढरी पीव्हीसी साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. पश्चिमेकडे तोंड असलेली उघडी जागा टाळा, जून ते सप्टेंबर तिकडून पाऊस आणि वारा थेट बर्नरवर येतात. वर छज्जा हवा, आजूबाजूला वीतभर मोकळी जागा, ज्वाळेची खिडकी डोळ्यांच्या उंचीवर. बाल्कनीला पुढे कधी काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद करायचा विचार असेल, तर ते पुन्हा न्हाणीघरच झालं. आणि शयनगृहाची खिडकी गीझरच्या डोक्यावर नको.

आमच्या गीझरला धूर बाहेर नेणारी पाइप आहे. मग काळजी नाही ना?

कमी आहे, नाही असं नाही. पाइपला हात लावून न बघता, ती कुठे उघडते ते आधी पाहा. इमारतीच्या बंद डक्टमध्ये उघडत असेल तर तो वायू वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जातो. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, नाहीतर पावसाचं पाणी गीझरमध्ये येतं. ॲल्युमिनियमची नालीदार पाइप खाऱ्या हवेत टाचणीएवढ्या भोकांनी झिरपते; आतून टॉर्च लावून बाहेरून पाहिलं की भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. तोंडाशी कुंभारमाशीचं मातीचं घर असणं हाही नेहमीचा अडथळा, विशेषतः सुट्टीपुरतं उघडणाऱ्या घरांत.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा का?

घ्यावा. खोक्यावर ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक लिहिलेलं पाहा. त्या मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तास-दीड तासात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतो. आंघोळ दहा मिनिटांची असते हे लक्षात घेतलं, तर अलार्म ही शेवटची फळी आहे, पहिली नव्हे. वाफेने सेन्सर खराब होतो, म्हणून तो न्हाणीघराच्या दाराबाहेर लावा. सेन्सरला मुदत असते, ती मागे छापलेली असते.

एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा. एलपीजी हवेहून जड, जमिनीवर पसरतो, म्हणून तो अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर.

मेकॅनिक बोलावला तर त्याने नेमकं काय करायला हवं?

इथे एक अडचण आहे. गॅस एजन्सीचा माणूस दर पाच वर्षांनी तपासणीला येतो, तो सिलिंडर, नळी, शेगडी पाहतो. गीझर कंपनीचा माणूस गीझर पाहतो. न्हाणीघरात हवा येते का, हे दोघांच्याही यादीत नसतं. म्हणून विचारायचं ते तुम्हीच विचारा. बर्नर आणि नोझल (गॅस सुटण्याचं बारीक छिद्र) काढून ब्रशने साफ, तांब्याच्या पट्ट्या धुतलेल्या, डायफ्राम बदललेला किंवा काढून दाखवलेला, एवढं किमान. पाण्याच्या यू-नळीने गॅसचा दाब मोजला का? चालू गीझरवर एलपीजीसाठी तो २८० ते ३०० मिलिमीटर पाण्याच्या आसपास हवा. आणि मीटर असेल तर दार बंद करून, आत कुणीही न थांबता, दहा मिनिटं गीझर चालवून आतला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. आकडा शून्याच्या जवळच राहायला हवा. चढत गेला तर दुरुस्ती झालेली नाही. फक्त ब्रश घेऊन आलेल्या माणसाने सर्व्हिसची पावती दिली, तरी ती स्वच्छतेची पावती समजा.

पाइपगॅस (पाइपने येणारा नैसर्गिक वायू) आला आहे. तोच गीझर त्यावर जोडता येईल?

नोझल बदलल्याशिवाय नाही. पाइपगॅसचा दाब कमी आणि उष्णताही वेगळी, त्यामुळे एलपीजीच्या बारीक छिद्रांवर ज्वाळा मरतुकडी होते. उलट प्रकार अधिक वाईट: पाइपगॅसचा गीझर एलपीजीवर लावला तर दुप्पट गॅस सुटतो आणि काजळी धरते. मॉडेलसाठी नोझल संच मिळत नसेल तर नवा गीझर घ्या.

आंघोळीनंतर डोकं दुखतं, गरगरतं. गीझरमुळे असेल का?

गरम पाण्याचा त्रास म्हणून लोक हे वर्षभर सोडून देतात. न्हाणीघरातून बाहेर आल्यावर काही वेळाने डोकेदुखी ओसरते, दुसऱ्या दिवशी परत तसंच, आणि घरातल्या दुसऱ्यालाही तेच, असं असेल तर आजच गीझर बंद करा. मळमळ, पायांत त्राण नसणं, क्षणभर भान हरपणं, कधी फिट येणं, हीसुद्धा लक्षणं. मूल, गरोदर बाई आणि हृदयविकाराचा माणूस यांना कमी प्रमाणातही बाधतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं, आणि तो निवांत ९८ दाखवतो. रक्तातलं असं हिमोग्लोबिन, म्हणजे कार्बोक्सिहिमोग्लोबिन, वेगळं मोजावं लागतं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता.’

कुणी आत कोसळलं तर?

श्वास रोखून दार उघडा, शक्य असेल तर जाता जाता गीझरचा कॉक बंद करा, आणि माणसाला ओढत बाहेर उघड्यावर आणा. कपडे, टॉवेल, लाज, सगळं नंतर. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण दीड तास. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ गाठा. स्मरण, चाल यांत बिघाड काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू शकतो, तेव्हा पुढची तपासणीही चुकवू नका.

आणि गॅसचाच वास आला तर?

विजेचं कुठलंही बटण लावू नका आणि बंदही करू नका. एक्झॉस्ट फॅनही नको. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला सुरक्षा टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा. फोन बाहेर गेल्यावर: गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१ किंवा ११२. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास एलपीजी झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि तो साचतो खाली, सांडपाण्याच्या जाळीत, पायरीखाली.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये जुना गीझर आहे. वापरू का?

तळाच्या पाटीवर उत्पादनाचं साल आणि आयएस १५५५८ हा भारतीय मानकाचा क्रमांक शोधा. पाटी गंजून वाचता येत नसेल तर तेच उत्तर समजा. किनाऱ्याजवळ आठ वर्षांवरचा आणि न्हाणीघराच्या आत असलेला गीझर दुरुस्त करण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. घरमालकाला फोटोसकट लिहून कळवा. तोवर बादली आणि हीटिंग रॉडपेक्षा स्वयंपाकघरातलं पातेलं बरं.

गीझर काढून टाकला. भिंतीवरचा कॉक बंद करून ठेवला तर चालेल?

नाही. कॉकचा दांडा पोराच्या हाताने किंवा झाडूच्या धक्क्याने फिरतो. तोंडावर पितळेची आट्याची टोपी, आट्यांवर गॅससाठीची टेप, मग साबणाचं पाणी. सिलिंडरकडच्या टोकालाही तसंच. काढलेला गीझर भंगारात देताना बर्नर वाकवून द्या, म्हणजे तो रंग मारून दुसऱ्या कुणाच्या न्हाणीघरात जाणार नाही.